इब्राहिमखान गारदी: फ्रेंच पद्धतीच्या बंदुका, पानिपत आणि थकलेला पगार



जुन्या बंदुकांचे व्हिडिओ तुमच्याही फीडमध्ये कधीतरी आले असतील. अमेरिकेत किंवा फ्रान्समध्ये कुणी हौशी माणूस अडीचशे वर्षांपूर्वीच्या फ्रेंच लष्करी बंदुकीची प्रतिकृती घेऊन उभा असतो. दाताने कागदाची पुडी फाडतो, दारू ओततो, गजाने गोळी ठासतो आणि चाप ओढतो. मग धुराचा एवढा लोट की माणूसच दिसेनासा होतो. परदेशात हा रीतसर छंद आहे. लोक अशा बंदुका जमवतात, दुरुस्त करतात, रेंजवर नेऊन चालवतात.

आपल्याकडे मात्र याच जातीच्या बंदुका खांद्यावर घेऊन आठ-दहा हजार माणसं मराठवाड्यातून थेट पानिपतपर्यंत गेली होती. त्यांच्या सेनापतीचं नाव इब्राहिमखान गारदी. पानिपतावरच्या सिनेमात, कादंबरीत हे नाव तुम्ही ऐकलं असेल. आज आपण त्याचं आयुष्य बघू आणि त्याची बंदूक नक्की कशी चालायची तेही समजून घेऊ. कारण बंदूक समजल्याशिवाय हा माणूस समजत नाही.

आधी आपल्या भागातली गोष्ट

यवतकरांना हा रस्ता पाठ असेल. सोलापूर हायवेने चौफुला, तिथून डावीकडे वळून न्हावरा, पुढे शिरूर. रांजणगावच्या गणपतीला आपण असेच जातो. १७५१ सालच्या हिवाळ्यात या रांजणगावच्या परिसरात फ्रेंच बंदुका वाजत होत्या.

तेव्हा हैदराबादच्या निजामाकडे, म्हणजे सलाबतजंगाकडे, बुसी नावाचा फ्रेंच सेनानी होता. त्याच्याजवळ काहीशे युरोपीय सैनिक आणि फ्रेंच कवायत शिकलेले हजारो हिंदी शिपाई होते. हे सैन्य अहमदनगरकडून पुण्याच्या दिशेने निघालं. कुकडी नदीच्या काठी चंद्रग्रहणाच्या रात्री त्यांनी नानासाहेब पेशव्यांच्या छावणीवर अचानक हल्ला केला. पुढे रांजणगाव लुटलं गेलं, तळेगाव ढमढेरे उद्ध्वस्त झालं आणि फौज भीमेकाठच्या कोरेगावपर्यंत आली. म्हणजे पुण्याच्या अगदी दारात.

मराठ्यांनी आपल्या नेहमीच्या पद्धतीने उत्तर दिलं. घोडदळाने सतत छापे घातले, रसद तोडली आणि जानेवारी १७५२ मध्ये शिंगव्याला तह झाला. फौज परत गेली, पण पुण्याच्या दरबाराने एक गोष्ट डोळ्यांनी पाहिली. थोडेसे शिपाई एका रांगेत उभे राहून एकदम बार काढतात, तेव्हा भलंमोठं घोडदळसुद्धा थबकतं. हे तंत्र आपल्याकडे हवं, असं तिथे वाटू लागलं.

या बंदुकीत एवढं काय होतं?

त्या काळी हिंदुस्थानात सगळीकडे तोड्याची बंदूक चालायची. तोडा म्हणजे सुताची जळती वात. चाप ओढला की ही वात बंदुकीच्या कानाजवळच्या दारूवर टेकते आणि बार उडतो. रचना साधी, बंदूक स्वस्त, गावातला लोहारही दुरुस्त करू शकेल अशी. पण तिच्यात दोन मोठ्या अडचणी होत्या. एक म्हणजे पाऊस किंवा दव आलं की वात विझते. दुसरी जास्त गंभीर. प्रत्येक शिपायाच्या हातात जळती वात आणि कमरेला दारू. अशी माणसं खांद्याला खांदा लावून उभी केली तर शेजाऱ्याच्या ठिणगीने शेजारी जायचा. म्हणून त्यांना अंतर ठेवून उभं राहावं लागे.

फ्रेंच सैन्याकडे होती चकमकीची बंदूक. हिच्या घोड्याच्या तोंडात गारगोटी पकडलेली असते. चाप ओढला की गारगोटी पोलादी पट्टीवर घासते, ठिणग्या खालच्या छोट्या पाळ्यातल्या दारूवर पडतात (या दारूला रंजक म्हणतात), तिची आग कानातून नळीत जाते आणि मुख्य दारू पेटते. जळती वातच नाही, म्हणून शिपाई एकमेकांना चिकटून उभे राहू शकतात. तेवढ्याच जागेत कितीतरी जास्त बंदुका मावतात. खरा फरक इथे पडला.

फ्रान्सने १७१७ मध्ये आपल्या पायदळासाठी बंदुकीचा एकच नमुना ठरवला. त्याआधी वेगवेगळ्या तुकड्यांकडे वेगवेगळ्या बंदुका असायच्या. १७२८ च्या नमुन्यात नळी दस्त्याला धातूच्या कड्यांनी धरलेली होती, त्यामुळे ती काढून साफ करणं सोपं झालं. शार्लव्हिल, सेंत-एतिएन आणि मोब्यूज इथल्या सरकारी कारखान्यांत ती बनायची. संग्राहक आजही या सगळ्या मालिकेला शार्लव्हिल याच नावाने ओळखतात.

थोडक्यात स्पेसिफिकेशन्स बघू:

- लांबी: साधारण दीड मीटर
- वजन: साडेचार किलोच्या आसपास
- नळीचा आतला व्यास: सुमारे १७.५ मिलिमीटर
- वेग: सरावलेला शिपाई मिनिटाला दोन ते तीन बार
- कामाचा पल्ला: ८० ते १०० मीटर

शेवटचा आकडा बघून आश्चर्य वाटेल. फक्त शंभर मीटर? कारण ही रायफल नाही. नळी आतून गुळगुळीत असायची आणि गोळी नळीपेक्षा किंचित लहान, म्हणजे पटकन ठासता यावी. अशी सैल गोळी बाहेर पडताना नळीला इकडेतिकडे आपटत जाते, त्यामुळे नेम लागत नाही. रायफलच्या नळीत पिळदार खाचा असतात. त्या गोळीला फिरकी देतात आणि भोवऱ्यासारखी फिरणारी गोळी सरळ जाते. पण खाचांत घट्ट बसणारी गोळी वरून ठासायला फार वेळ लागायचा. हा प्रश्न मिनिए नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याने १८४९ मध्ये सोडवला. त्याची गोळी बुडाशी पोकळ होती. ठासताना सैल, पण बार उडाला की फुगून खाचांत बसणारी. पुढे १८६६ मध्ये मागून भरायची शास्पो रायफल आली. १८८६ मध्ये लेबेल आली, ती बिनधुराची दारू वापरणारी पहिली लष्करी रायफल. फ्रेंच रायफलींचे संग्राहक ज्यांच्यामागे लागतात त्या या. आपली गोष्ट मात्र त्यांच्या शंभरेक वर्षं आधीची आहे.

नेम नाही तर मग उपयोग काय?

एकट्या बंदुकीचा नेम लागत नाही, म्हणून शंभर जण एकदम बार काढतात. इथे कवायत येते.

समजा एका शिपायाला बंदूक भरायला २० सेकंद लागतात. तीन रांगा केल्या आणि त्यांनी पाळीपाळीने बार काढले, तर दर सहा-सात सेकंदाला एक फैर झडते. पण त्यासाठी प्रत्येकाने पुडी फाडणं, रंजक टाकणं, दारू ओतणं, गोळी ठासणं, घोडा ओढणं हे सगळं एकाच क्रमाने, एकाच हुकमावर, समोरून घोडे येत असताना केलं पाहिजे. एकाने घाई केली तर रांग मोडते.

आता दुसरा हिशेब. भरधाव घोडा सेकंदाला दहा मीटर जातो असं धरा. शंभर मीटरच्या पल्ल्यात आल्यावर तो दहा सेकंदात अंगावर पोचतो. म्हणजे एक किंवा फार तर दोन फैरी मिळतात. त्यानंतर उपयोगी पडते ती नळीच्या टोकाला लावलेली संगीन. तिच्यामुळे बंदुकीचाच भाला होतो आणि भाल्यांच्या भिंतीवर घोडा सहसा चालून जात नाही. पण भिंत उभी राहिली तरच! घाबरून चार माणसं पळाली की बाकीचे मेलेच.

थोडक्यात, बंदूक पैसे मोजले की मिळते. तिच्या मागे न पळता उभा राहणारा माणूस तयार करायला वर्षं लागतात. इब्राहिमखानाचं काम हे दुसरं होतं.

गारदी कोण?

फ्रेंचांकडे पहारेकरी तुकडीला 'गार्द' म्हणत. त्यावरून आपल्याकडे अशा कवायती शिपायांना गारदी नाव पडलं, असं मानलं जातं. इब्राहिमखान दख्खनचा मुसलमान. बुसीच्या हाताखाली तो ही विद्या शिकला आणि निजामाच्या सैन्यात गारद्यांचा सरदार झाला. १७५८ मध्ये बुसीला फ्रेंचांनी हैदराबादेतून परत बोलावलं. पुढे इब्राहिमखान निजामअलीच्या चाकरीत होता.

पेशव्यांकडेही एक गारदी सरदार होता, मुजफ्फरखान. तो इब्राहिमखानाचा नातेवाईक. १७५९ मध्ये त्याने पुण्यात सदाशिवराव भाऊंवर खुनी हल्ल्याचा कट केला. भाऊ वाचले, मुजफ्फरखानाला देहान्त शिक्षा झाली. अशा प्रकारानंतर कुणीही गारदी हा शब्दच टाळला असता. पण निजामाची नोकरी सुटलेल्या इब्राहिमखानाला भाऊंनी जवळ केलं. माणसाची पारख म्हणा किंवा त्या तंत्राची गरज म्हणा, भाऊंनी हा धोका पत्करला. पुढच्या वर्षभरात जे घडलं त्यावरून दिसतं की त्यांचा अंदाज चुकला नव्हता.

पगाराचा मुद्दा

इथे जरा थांबूया, कारण सगळ्या गोष्टीची किल्ली इथे आहे.

मराठी सरदारांची फौज सरंजामावर चालायची. सरदाराला मुलूख नेमून दिलेला, त्याच्या उत्पन्नातून त्याने घोडेस्वार ठेवायचे. स्वार पावसाळ्यात घरी, दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर. लुटीतला वाटाही असायचा. ही पद्धत घोडदळाला चालत होती.

गारद्यांचं तसं नव्हतं. रोजची कवायत म्हणजे पूर्णवेळ नोकरी. शेती नाही, लुटीला मोकळीक नाही. म्हणून त्यांना दरमहा रोख पगार लागायचा. इब्राहिमखान या बाबतीत कडक होता. शिपायांचा पगार वेळेवर मिळालाच पाहिजे, हा त्याचा आग्रह कायम असे. बाकीच्या सरदारांना आणि कधीकधी खुद्द भाऊंनाही तो हट्ट वाटत असे. पण विचार करा, ज्याला रांगेत उभं राहून मरायला सांगायचं आहे, त्याच्या घरी चूल पेटली पाहिजे की नाही?

परतूर ते पानिपत

फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीरला निजामाचा पराभव झाला. मार्चमध्ये परतूरहून भाऊंची फौज उत्तरेकडे निघाली. अहमदशहा अब्दालीला हटवायचं होतं. बरोबर इब्राहिमखान, त्याच्या पलटणी आणि तोफखाना. ऑगस्टच्या सुरुवातीला दिल्लीचा किल्ला हाती आला. ऑक्टोबरात कुंजपुरा पडलं, तिथे गारद्यांच्या तोफांनी मोठं काम केलं.

पण फौज जसजशी पुढे गेली तसा एक जुना वाद वाढत गेला. मल्हारराव होळकरांसारख्या मुरलेल्या सरदारांचं मत होतं की जड सामान, बायकामुलं, यात्रेकरू मागे ठेवावेत आणि गनिमी काव्याने लढावं. ज्या पद्धतीने मराठे आयुष्यभर जिंकले ती ही. इब्राहिमखानाचं तंत्र मात्र उलट होतं. तोफा आणि पायदळ घोड्याच्या वेगाने पळू शकत नाहीत. घोडदळ निघून गेलं तर मागे त्याच्या माणसांची कत्तल होणार. त्यामुळे तो बांधून लढण्याच्या बाजूचा होता. हा वाद किती टोकाला गेला याची वर्णनं बखरींत आहेत.

दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी बरोबर होतं. आपल्या भाषेत सांगायचं तर एकाच मशीनवर दोन ऑपरेटिंग सिस्टीम चालवायचा प्रयत्न होता आणि दोघींना जोडणारं काहीच नव्हतं.

नोव्हेंबरपासून पानिपतला खंदक खणून मराठी छावणी पडली. अब्दालीने दक्षिणेची वाट अडवली, रसद तोडली. म्हणजे १७५१ मध्ये मराठ्यांनी निजामाचं जे केलं होतं तेच आता मराठ्यांचं झालं. जानेवारीपर्यंत माणसं आणि जनावरं उपाशी मरू लागली. पैसाही संपला होता.

१४ जानेवारी १७६१

ठरलं असं की फौजेने मोठा गोल करायचा. मध्ये बायकामुलं आणि सामान, बाहेरच्या बाजूला तोफा आणि गारदी, आणि असंच लढत बाहेर पडायचं. युरोपात पायदळ चौकोन करून लढायचं, त्यासारखाच हा विचार. या रचनेला एक अट होती: कुणीही आपली जागा सोडायची नाही.

शुजाउद्दौल्याच्या नोकरीत असलेल्या काशीराज पंडिताने या लढाईची हकीकत लिहून ठेवली आहे. त्यात येतं की लढाईच्या सकाळी इब्राहिमखान भाऊंकडे गेला आणि त्याने पगाराचाच विषय काढला. आपल्या माणसांसाठी मी नेहमी मागणी करत आलो, त्यामुळे तुमची नाराजीही ओढवून घेतली. या महिन्यात तेही मिळालेलं नाही. पण आज तो हिशेब बाजूला ठेवतो आणि माझं कर्तव्य करून दाखवतो, अशा अर्थाचं तो बोलला. मग निशाण हातात घेऊन तो आपल्या पलटणींकडे गेला.

डाव्या बाजूला त्याच्या नऊ पलटणी होत्या. दोन पलटणी त्याने बगल सांभाळायला वळवून उभ्या केल्या. बाकी सात घेऊन तो समोरच्या रोहिल्यांवर गेला. जवळ पोचल्यावर गोळीबार थांबवून संगिनींनी हल्ला करायचा हुकूम दिला. हाफिज रहमतखान आणि दुंदेखान यांच्या रोहिल्यांची हजारो माणसं पडली, त्यांची फळी मोडली. सकाळच्या त्या काही तासांत मराठ्यांची डावी बाजू जिंकत होती.

पण गोल टिकला नाही. बऱ्याच इतिहासकारांच्या मते शत्रू मोडतोय असं दिसताच बाजूच्या मराठी घोडदळाने जागा सोडली आणि ते पुढे धावलं. मध्ये आपलेच स्वार आले की गारद्यांना बार काढता येईना. त्या स्वारांना भित्रे किंवा बेशिस्त म्हणणं सोपं आहे. ते त्यांना जन्मभर येत होतं तेच करत होते. बंदुकीच्या रांगेसमोर जायचं नसतं, ही सवय त्यांना कुणी लावलीच नव्हती. दुसरीकडे अब्दालीजवळ उंटांवर बसवलेले जंबुरे होते. मराठ्यांच्या जड तोफा जागच्या हलत नव्हत्या आणि हे जंबुरे हवे तिथे पळवता येत होते.

दुपारनंतर विश्वासराव पडले, अब्दालीने राखून ठेवलेलं ताजं सैन्य आत घातलं आणि सगळं संपलं. इब्राहिमखानाच्या बहुतेक पलटणी जागच्या जागी कापल्या गेल्या. तो स्वतः भाल्याने आणि गोळीने जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला.

आधी तो शुजाउद्दौल्याच्या माणसांकडे होता. पण अब्दालीच्या लोकांनी त्याची मागणी केली. मुसलमान असून मराठ्यांच्या बाजूने लढला याचा त्यांना राग होता. अखेर त्याला त्यांच्या ताब्यात दिलं गेलं आणि कैदेतच त्याचा अंत झाला. जखमांवर विष लावून मारलं, अशी त्या काळची हकीकत आहे. ज्यांचं मीठ खाल्लं त्यांना त्याने शेवटपर्यंत सोडलं नाही.

पुढे काय झालं?

पानिपतातून पायाला कायमची जखम घेऊन एक तरुण परतला. महादजी शिंदे. १७८४ मध्ये त्यांनी बनुआ द बॉईन याला नोकरीत घेतलं. हा मूळचा सव्हॉयचा आणि आधी फ्रेंच सैन्यात काम केलेला. त्याने कवायती पलटणी उभ्या केल्या. त्यांना आपल्याकडे कंपू म्हणत. आग्ऱ्याला बंदुका आणि तोफांचा कारखाना निघाला. १७९० मध्ये पाटण आणि मेडत्याच्या लढाया याच कंपूंनी जिंकून दिल्या.

पण माझ्या मते कारखान्यापेक्षा मोठा बदल वेगळाच होता. कंपूंच्या खर्चासाठी महादजींनी स्वतंत्र मुलूख तोडून दिला. त्याच्या वसुलीतून शिपायांचा पगार नियमित होऊ लागला. इब्राहिमखान ज्यासाठी भांडत होता तेच हे.

याच्या उलट उदाहरण पुण्यातच आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला. त्यानंतर गारदी म्हटलं की लोकांना तेच आठवू लागलं आणि पानिपतावर रांग न सोडलेले गारदी विसरले गेले.

तुम्हाला पडू शकणारे प्रश्न

*भारतात अशा बंदुका जमवता येतात का?*
चालू शकणारी बंदूक, मग ती कितीही जुनी असो, परवान्याशिवाय ठेवता येत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात जुनाट किंवा पुरातन मूल्याच्या बंदुकांना सूट आहे, पण ती दुरुस्त करूनही चालणार नाही अशा बंदुकांसाठीच. शंभर वर्षांपेक्षा जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरावस्तू कायदाही लागू होऊ शकतो. अशी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही.

*घरच्या माळ्यावर जुनी ठासणीची बंदूक सापडली तर?*
तिच्यात जुना बार तसाच असू शकतो. नळीत डोकावू नका, चाप ओढून बघू नका, घासूनपुसून चकचकीत करू नका. पोलीस ठाण्यात कळवा. गंज आणि खुणा यांवरूनच अभ्यासक तिचं वय ओळखतात.

*प्रत्यक्ष बघायला कुठे जायचं?*
जुनी शस्त्रं बघायची तर पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. आणि यवतहून सोलापूर रोडने पुण्याला जाताना हडपसरच्या पुढे वानवडीत महादजी शिंद्यांची छत्री आहे. १७९४ मध्ये त्यांचं निधन तिथेच झालं.

शेवटी एवढंच

नवीन तंत्र आणलं की सगळं बदलेल असं आपल्याला नेहमी वाटतं. कॉलेजच्या लॅबमध्ये नवे कॉम्प्युटर येतात, ग्रामपंचायतीत नवं ॲप येतं. ते चालवणाऱ्या माणसाला शिकवलंय का, त्याचा पगार वेळेवर होतो का, शेजारच्या खात्याची कामाची पद्धत त्याच्याशी जुळते का, हे कुणी विचारत नाही. इब्राहिमखानाच्या बंदुका पानिपतावर चालल्या, त्याची माणसंही उभी राहिली. बाकीची फौज आणि खजिना मात्र त्या बंदुकांसाठी तयार नव्हते. त्याची किंमत त्या माणसांनी जिवानिशी दिली.

तुमच्या गावात किंवा घराण्यात गारद्यांबद्दल, कंपूंबद्दल काही ऐकिवात असेल तर कमेंटमध्ये नक्की सांगा. आणि बंदुकांचे व्हिडिओ बघणाऱ्या मित्राला हा लेख पाठवा. पुढच्या भागात मिनिएची गोळी आणि १८५७ च्या काडतुसांची गोष्ट बघू.